'बसा'ला इंग्रजीत काय म्हणतात?

कोयनाकाठ | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कराडची. शाळा मराठी माध्यमाची, एबीसीडी पाचवीत, पुढे एम. कॉम. इंग्रजीत मार्क बरे पडायचे. पॅसिव्ह व्हॉइस, डायरेक्ट-इनडायरेक्ट सगळं तोंडपाठ. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडात लेस्टरला आलो. स्पेलिंगवरून वाचलं तर लायसेस्टर होतं, आणि पहिले काही दिवस मी तेच म्हणत होते. इथे एक बेल्व्हॉयर स्ट्रीट आहे, म्हणजे पाटीवर तसं लिहिलंय. लोक म्हणतात 'बीव्हर'. विचारून विचारून थकले तेव्हा कळलं की मी त्याच रस्त्यावर उभी आहे.

सुरुवातीची दोन वर्षं इंग्रजीवाचून काही अडलं नाही, कारण आमचं घर बेलग्रेव्ह रोडजवळ. भाजीवाला, सोनार, केमिस्ट सगळे गुजराती. इंग्रजी होतं तिथेच राहिलं, गुजराती मात्र फर्स्ट क्लास झालं.

आठ महिन्यांपूर्वी एका केअर होममध्ये लागले. आपल्याकडचा वृद्धाश्रमच, पण बहुतेक मंडळी ऐंशी-नव्वदीची. कुणाला विस्मरण, कुणाला उठवत नाही. काम मला जमतं, सासूबाईंचं सगळं मीच केलं होतं. अडतं ते बोलणं.

गेल्या महिन्यात मॅनेजरबाईंनी चहाला बसवून हळूच सांगितलं की तुझं काम चांगलं आहे, पण काही आज्यांना वाटतं तू रागावून बोलतेस, हुकूम सोडतेस. मी थक्क. म्हाताऱ्या माणसासमोर जन्मात कधी आवाज चढवला नाही. रात्री घरी येऊन दिवसभरात काय काय बोलले ते आठवून वहीत उतरवलं. 'सिट हिअर.' 'ड्रिंक वॉटर.' 'गिव्ह मी युवर हँड.' कितीदा वाचलं तरी चूक सापडेना. कारण डोक्यात 'बसा आजी', 'पाणी प्या', 'हात द्या बघू' असंच चाललेलं असतं.

मग उजेड पडला. 'बस' आणि 'बसा', दोन्हींचं इंग्रजी 'सिट'. आपण दिलेला सगळा मान त्या एका कान्यात आहे, आणि इंग्रजीत जाताना नेमका तो कानाच गळून पडतो.

आणखी दोन फजित्या सांगते, हसा. एक आजी म्हणाल्या, 'आय नीड टू स्पेंड अ पेनी.' मी त्यांची पर्स आणून हातात दिली. त्या पर्सकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेजारची मुलगी धावत येऊन त्यांना बाथरूमला घेऊन गेली. पूर्वी इथल्या सार्वजनिक संडासात एक पेनी टाकल्याशिवाय दार उघडत नसे, त्यावरून हा शब्दप्रयोग. आणि दुसरी: कामाची वेळ संपली की 'येते हं' म्हणायची सवय, म्हणून मी रोज 'आय विल कम' म्हणून निघायचे. महिन्याने कळलं की एक आजोबा मी परत येईन म्हणून दाराकडे बघत बसायचे. त्या दिवशी मात्र मला रडू आलं.

तर प्रश्न असा. शब्द मला येतात, वाक्यं जुळवता येतात. हे रोजचं, बारीकसारीक बोलणं तुम्ही कसं शिकलात? ॲप, टीव्ही, वही, क्लास, काय उपयोगी पडलं ते सांगा.

---

टिवल्याबावल्या | सोमवार, रात्री ११:५२

पर्स वाचून हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! पण आजोबांचं वाचून गप्प झालो.

आपल्याकडे 'जातो' म्हणणं अशुभ. माझी आजी 'जातो' म्हणणाऱ्याला पुन्हा आत बोलवून 'येतो' म्हणायला लावायची. आता हे इंग्रजांना कोण समजावणार.

---

आजोबा_डोंबिवली | मंगळवार, सकाळी ६:०५

चि. कोयनाकाठ, आमच्या वेळी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. रोज दहा वाक्यांचे भाषांतर, चुकले की वडील पुन्हा लिहायला लावत. त्या पायावर मी ३४ वर्षे सरकारी नोकरीत इंग्रजी पत्रव्यवहार केला, एकही पत्र परत आले नाही. व्याकरण पक्के असेल तर बोलणे आपोआप येते. ॲप वगैरेच्या नादी लागू नये.

इंग्रजालाही मराठी फुकट आली नाही, हेही लक्षात ठेव. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला तो शास्त्रीमंडळींना शेजारी बसवून. 'बस' आणि 'बसा'चा फरक त्यालाही कोणीतरी समजावून सांगितलाच असेल.

---

चाकण_शिफ्ट२ | मंगळवार, सकाळी ८:३०

आजोबा, आदर आहे, पण पत्र परत येत नाही, माणूस समोर उभा असतो. पत्राला विचार करायला अख्खी दुपार मिळते. फोनवर दोन सेकंद.

आमच्या कंपनीत जर्मन लोकांशी रोज कॉल असतो. गंमत म्हणजे त्यांचं मला सगळं कळतं आणि माझं त्यांना. दोघांचंही इंग्रजी शिकलेलं, मोजकं, त्यामुळे गाडी सरळ चालते. कॉलवर एखादा इंग्रज आला की आम्ही आणि जर्मन सगळेच चूप.

एकदा इंग्रज म्हणाला 'हाफ सेव्हन'ला भेटू. मी साडेसातला आलो, तोही साडेसातला. जर्मन साडेसहापासून एकटा बसलेला. त्यांच्या भाषेत 'अर्धा सात' म्हणजे सातला अर्धा तास कमी. या बाबतीत आपलं आणि इंग्रजांचं जमतं.

अवांतर: त्या इंग्रजालाच मी गाडीची 'स्टेपनी' कुठे आहे विचारलं तर ढिम्म. स्पेअर व्हील म्हटल्यावर कळलं. शब्द त्यांचाच, वेल्समधल्या एका गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेला, पण ते विसरले आणि आपण ठेवला.

---

आकडेमोड | मंगळवार, सकाळी १०:१५

ताई, शब्द येतात म्हणता, पण कोणते येतात हे तपासा. इंग्रजीत रोजच्या वापरातले शब्द मोजून याद्या करायचा उद्योग जुना आहे. १९३०मध्ये ऑग्डेन नावाच्या गृहस्थाने ८५० शब्दांत काम भागवायची कल्पना काढली. पुढे १९५३मध्ये मायकेल वेस्टने साधारण २००० मूळ शब्दांची यादी छापली. साध्या मजकुरातले दर शंभरातले ऐंशीच्या आसपास शब्द त्यात सापडतात. आपल्याला 'फोटोसिंथेसिस' येतं आणि 'गेट', 'पुट', 'टेक'ची वीस रूपं येत नाहीत. सगळी लढाई तिथेच आहे.

हा वेस्ट तेव्हाच्या अखंड भारतातच नोकरीला होता, ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात. त्याचं म्हणणं होतं की बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज जास्त, तेव्हा आधी वाचायला शिकवा. त्या काळाला ते बरोबरच होतं. आपलं शिक्षण मात्र बोलण्याची गरज आली तरी तिथेच बसून राहिलं, असं माझं मत.

पाठांतरासाठी मी लाइटनरची पेटी वापरली. लाइटनरने १९७२मध्ये ही पद्धत एका जर्मन पुस्तकात मांडली. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे उशिराउशिराने. ॲपं हेच करतात, फक्त खोक्याला काजूकतलीचा वास येतो तो त्यांना येत नाही.

---

गुरुजी_अंबाजोगाई | मंगळवार, दुपारी १:४०

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. आमच्या पहिलीच्या पोराला 'एलिफंट' येतो, 'अंब्रेला' येते. हत्ती त्याने पाहिलेला नाही, आणि छत्री घ्यावी असा पाऊस इकडे कधी पडतो म्हणा! पण 'सर, पाणी प्यायला जाऊ का' हे इंग्रजीत विचार म्हटलं की आभाळाकडं बघतं. नामं शिकवतो आम्ही. नामं चित्रात दाखवता येतात ना.

आणि शब्दाला शब्द ठेवला की काय होतं ते सांगतो. सातवीतल्या पोराने 'मांजराने दूध पिऊन टाकलं'चं भाषांतर केलं, 'कॅट ड्रँक मिल्क अँड थ्रू'. दूध पिऊन मांजरानं फेकून दिलं! हसलो, पण नंतर विचार केला. आपण 'टाक', 'बस', 'जा', 'घे' मागे लावून जे काम करतो ते इंग्रजी 'अप', 'ऑफ', 'आउट' लावून करतं. पिऊन टाक, 'ड्रिंक अप'. खाऊन टाक, 'ईट अप'. वापरून टाकलं, 'यूज्ड अप'. दरवेळी जुळतंच असं नाही, पण पोरांना एकदा हे दाखवलं की 'अप' म्हणजे 'वर' हे खूळ डोक्यातून जातं.

---

फाडफाड | मंगळवार, दुपारी २:२२

मराठी माध्यमात घातलं की हेच होणार. आमची मुलं पहिलीपासून कॉन्व्हेंटला, घरीही इंग्रजीच. असले प्रश्न पडत नाहीत.

---

गुरुजी_अंबाजोगाई | मंगळवार, दुपारी २:३५

@फाडफाड, 'स्पेंड अ पेनी' तुमच्या मुलांना विचारा आणि इथे कळवा. प्रामाणिकपणे.

---

संपादक | मंगळवार, दुपारी ३:००

माध्यमाच्या वादासाठी इथे आधीच चार धागे आहेत, पाचवा नको. प्रश्न रोजच्या बोलण्याचा आहे, त्यावरच लिहा.

---

हिंजवडी_फेज३ | मंगळवार, दुपारी ४:४८

आमच्याकडे उलटं झालं. 'डू द नीडफुल', 'रिव्हर्ट बॅक', 'प्रीपोन' हे सगळं ऑफिसात शिकलो आणि परदेशी क्लायंटने 'प्रीपोन म्हणजे काय' असं विचारलं. 'प्रीपोन' मी सोडणार नाही. इतका सोयीचा शब्द, ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. 'नीडफुल' सोडलं.

---

नॉटिंगहॅमची_काकू | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

कोयनाकाठ, अगं तू तर माझी शेजारीण! नॉटिंगहॅमला २६ वर्षं झाली, त्यातली १५ शाळेच्या स्वयंपाकघरात. तुझा काना हरवला ना, तो कुठे गेला ते सांगते.

इंग्रजीत 'तुम्ही' नाही. लहानाला, थोराला, कुत्र्याला, सगळ्यांना 'यू'. मग मान द्यायचा कसा? तर ते वाक्यच लांब करतात. 'बसा'ऐवजी 'वुड यू लाइक टू सिट डाउन?'. पाणी प्या नाही, 'शॅल वी हॅव अ लिटल ड्रिंक?'. 'जस्ट', 'लिटल', 'अ बिट' हे शब्द म्हणजे त्यांचे 'जरा', 'ना', 'बघू', 'हं'. आपण 'हात द्या ना जरा' म्हणतो तेव्हा 'ना' आणि 'जरा'चा अर्थ कोणी विचारतो का? पण काढून बघ, पोलिसासारखं वाटतं. तुझ्या इंग्रजीतून तेच गळत होतं. तुझ्या कामात आणखी एक ऐकशील, 'लेट्स गेट यू सॅट डाउन'. व्याकरणात बसत नाही, आजोबांनी डोळे मिटून घ्यावेत, पण इकडे प्रत्येक केअररच्या तोंडी असतं.

आणि 'पॉप' शिक. हा एक शब्द आला की निम्मं इंग्लंड आलं. 'पॉप युवर कोट ऑन', 'पॉप द केटल ऑन', 'पॉप युवर शूज ऑफ', 'आय विल पॉप इन लेटर'. जे काही सहज, पटकन, त्रास न देता करायचं, ते 'पॉप'. डॉक्टरसुद्धा 'पॉप अप ऑन द बेड' म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं उडी मारायला सांगतोय.

'यू ऑलराइट?' हा प्रश्न नाही. मी सुरुवातीला थांबून गुडघेदुखी सांगायचे आणि माणूस निघून गेलेला असायचा. उत्तर 'यॅ, यू?' एवढंच, तेही चालता चालता. आपलं 'काय, जेवण झालं का?' तसंच. आपण कुठे मेनू सांगतो? म्हातारे लोक 'मस्टन्ट ग्रंबल' म्हणतील. म्हणजे बरं चाललंय, कुरकुर कशाला.

माझी खरी फजिती 'हो'ची. स्वयंपाकघरात मुकादमीण विचारायची, 'यू हॅवंट हॅड युवर ब्रेक?' मी म्हणायचे 'येस'. म्हणजे मराठीत, हो, जेवणाची सुटी नाही झाली. ती समजायची झाली. असे कित्येक दिवस बिनजेवणाचे काढले, आणि मनात म्हणायचे काय दुष्ट बाई आहे. इंग्रजीत प्रश्न कसाही असो, क्रिया घडली नसेल तर 'नो'. तसंच 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?'ला हसून 'येस येस' म्हणू नकोस. 'नॉट ॲट ऑल' म्हण. मी एका पाद्रीबाबाला बसमध्ये उभं ठेवलंय.

बाकी आपल्या मिडलंड्सचं वेगळंच. 'आय अप मी डक' म्हणजे 'काय गं बाई' किंवा 'काय रे बाबा', बदकाचा संबंध नाही. बनपावाला 'कॉब', बोळाला तुमच्याकडे 'जिटी', थंडी सोसत नाही तो 'नेश'. चहा 'मॅश' करतात, बटाट्यासारखा. आणि संध्याकाळचं 'टी' म्हणजे जेवण. कोणी 'कम फॉर टी' म्हटलं तर पोटभर खाऊन जाऊ नकोस.

---

मांडवीतीर | मंगळवार, रात्री ९:०५

गोंयकार हांगा. कळंगुटला हॉटेलच्या रिसेप्शनवर बारा वर्षं. काकूंचं शंभर टक्के खरं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये वाक्यंच दिली होती, शब्द नाहीत. खोली नाही तर 'नो रूम' म्हणायचं नाही, 'आय ॲम अफ्रेड वी आर फुल टुनाइट' म्हणायचं. मी विचारलं, अफ्रेड कशाला, मी कुठे घाबरलोय? सर म्हणाले, घाबरू नको, नुसतं म्हण. आजही म्हणताना किंचित घाबरल्यासारखा चेहरा होतो, आणि पाहुणे खूश असतात.

---

टिवल्याबावल्या | मंगळवार, रात्री ९:३०

अवांतर: इंग्रजीतला 'मंगूस' हा आपलाच मुंगूस बरं का, पोर्तुगीजांच्या वाटेने गेलेला. काहीतरी आपणही दिलंय. हलके घ्या.

---

कोयनाकाठ | मंगळवार, रात्री ११:४५

काकू, कुठे होतात इतके दिवस! ब्रेकचं अगदी हेच माझंही होतंय, आता कळलं लोक मला 'झाला ना ब्रेक' म्हणून कामाला का लावतात.

आकडेमोड, खोकं केलं. पण चिठ्ठीवर मराठी-इंग्रजी असं न लिहिता प्रसंग लिहायचं ठरवलंय. एका बाजूला 'आजींना उठवायचं आहे आणि त्यांना उठायचं नाही', दुसऱ्या बाजूला माझ्याबरोबरची मुलगी तेव्हा काय बोलते ते. तिचं ऐकून, बाथरूममध्ये जाऊन, हातावर पेनाने लिहून आणते. आज सात मिळाली. गुरुजी, 'ड्रिंक अप' आजच ऐकलं, 'ड्रिंक अप, मी डक'. पिऊन टाका बघू!

आजोबा, रागावू नका, रोज दहा वाक्यं तुमच्यासारखीच लिहिणार आहे.

---

आजोबा_डोंबिवली | बुधवार, सकाळी ६:०२

रागावलो नाही. प्रसंग लिहिण्याची कल्पना चांगली आहे. दहाच्या जागी पाच लिही, पण मोठ्याने वाच. 'सॅट डाउन' चूक आहे, 'सीटेड' हवे. बाकी ठीक.

---

कोयनाकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:२०

धागा वर काढतेय, कारण काहींनी विचारलं होतं.

चिठ्ठ्या ११६ झाल्या. निम्म्या अजून पहिल्याच कप्प्यात लोळतायत, खोटं कशाला सांगू. घाईत असले की अजून 'गिव्ह मी' तोंडून जातंच. 'पॉप' मात्र इतका चिकटला की परवा नवऱ्याला मराठीत 'जरा दुकानात पॉप करून ये' म्हणाले. तो गेला आणि दूध विसरून आला.

मॅनेजरबाई पुन्हा काही बोलल्या नाहीत. त्याचा अर्थ चांगला की वाईट हे काकूच सांगतील. इथे न बोलण्याचंही वेगळं व्याकरण आहे असं दिसतंय.

आणि ते दाराकडे बघणारे आजोबा. आता निघताना 'आय ॲम ऑफ नाऊ, सी यू टुमॉरो' असं स्पष्ट सांगते. सुटी असेल तर 'सी यू थर्सडे'. पहिल्या दिवशी त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. दुसऱ्या दिवशी माझा हात धरला आणि म्हणाले, 'यू विल कम, वोंट यू?' शब्द माझाच, मलाच परत. आता रोज आधी नीट इंग्रजीत निरोप घेते, मग ते विचारतात, मग मी हळूच 'येते हं' म्हणते. मराठीतच. त्यांना चालतं.

---

नॉटिंगहॅमची_काकू | रविवार, रात्री १०:४१

अगं, न बोलणं चांगलंच. त्या 'नॉट बॅड' म्हणाल्या की पेढे वाट. शनिवारी ये इकडे, जेवायलाच ये. मी 'टी' म्हणत नाही.

---

आजोबा_डोंबिवली | सोमवार, सकाळी ६:०८

'वोंट यू?' या प्रश्नाला 'येस, आय विल' असे पूर्ण उत्तर द्यावे. 'येते हं' नंतर म्हणायला हरकत नाही.